घर वर, दुकान खाली, आणि काम कुठे?

शाळेत प्रवेश सुरू झाले की आमच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा येतो. एका रकान्यात राहण्याचा पत्ता, दुसऱ्यात आईवडिलांच्या कामाचा पत्ता लिहायचा असतो. आमच्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ फॉर्मांत दुसऱ्या रकान्यात एकच शब्द असतो, ‘वरीलप्रमाणे’. खाली शिंप्याचे किंवा किराण्याचे दुकान, पोटमाळ्यावर माल, वरच्या खोलीत संसार. अब्बा दुपारी जेवायला जिना चढून येतात. अम्मी पिको-फॉलच्या साड्या उरकता उरकता डाळीवर लक्ष ठेवते. मूल गल्ल्याशेजारी बसून पाढे पाठ करते.

अशा वस्त्यांवर आता पुनर्विकासाची वेळ आली आहे. बिल्डरची माणसे रंगीत नकाशे घेऊन घरोघर फिरतात, संमतीपत्रावर सह्या मागतात. घर किती चौरस फूट मिळणार, हे सगळे विचारतात. दुकानाच्या बदल्यात दुकान मिळणार का, हेही विचारतात. पण घरात जे काम चालते, ज्यावर चूल पेटते, त्याची जागा नकाशात कुठे आहे, हे फार थोडे लोक विचारतात. या महिन्यात आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे.

आमच्या ओळखीतल्या एका इमारतीच्या बैठकीत एका वयस्क खालाने हा प्रश्न विचारला होता. गेली वीस-बावीस वर्षे त्या घरात लहान मुलांचे कपडे शिवतात. नकाशा नीट न्याहाळून त्या आर्किटेक्टला म्हणाल्या, “बेटा, यात माझी मशीन कुठे आहे?” तो नम्रपणे म्हणाला, “खाला, हा राहण्याचा फ्लॅट आहे. कामाची जागा तुम्हाला बाहेर बघावी लागेल.” खाला म्हणाल्या, “बाहेर जागा घ्यायची ऐपत असती तर घरात का शिवलं असतं?” बैठकीत हशा झाला आणि पुढचा विषय निघाला. आम्हाला मात्र वाटते, सगळ्या बैठकीतला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता.

राहणे वेगळे आणि कमावणे वेगळे, ही समजूत फार जुनी नाही. युरोप-अमेरिकेत गिरण्या आणि कारखाने वाढले, धूर आणि सांडपाण्याने शेजारची माणसे आजारी पडू लागली, तेव्हा कारखाने घरांपासून दूर नेण्याचे नियम झाले. त्यामागचा हेतू चांगलाच होता. १९१६ साली न्यूयॉर्क शहराने सगळ्या शहराचे विभाग पाडले. १९२६ साली युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावांना असे विभाग पाडण्याचा अधिकार आहे असा निकाल दिला. मग ही पद्धत जगभर पसरली. नकाशावर एका रंगात घरे, दुसऱ्या रंगात बाजार, तिसऱ्या रंगात उद्योग. धुराचा कारखाना दूर गेला हे बरे झाले, पण त्याच्याबरोबर शिंपी, पाववाला आणि चांभारही दूर गेले.

याला मोठा आक्षेप घेतला तो जेन जेकब्ज या लेखिकेने. त्या न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर, खाली दुकान असलेल्या एका घरात राहत होत्या. १९६१ साली त्यांचे अमेरिकी शहरांवरचे पुस्तक आले आणि नगररचनेची चर्चाच बदलली. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या रस्त्यावर घरेही आहेत, दुकानेही आहेत आणि कामाच्या जागाही आहेत, तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी जागे असते. दुकानदाराचे लक्ष रस्त्यावर असते, खिडकीतल्या आजीचेही असते. अशा रस्त्यावर मूल निर्धास्त चालू शकते. आपल्या गल्लीत हे काम पानवाले चाचा करतात. कोणाचा मुलगा शाळा बुडवून कुठे गेला, ही बातमी शिक्षकांच्या आधी त्यांना असते.

जेकब्ज यांचा दुसरा मुद्दा आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. छोट्या आणि नव्या धंद्यांना जुन्या इमारती लागतात, असे त्या म्हणत, कारण तिथे भाडे कमी असते. नवी इमारत बांधण्याचा खर्च कोणाकडून तरी वसूल होतोच. आपल्याकडे पुनर्विकासात गाळा मोफत मिळाला तरी लिफ्ट, पंप, पहारेकरी, आगीची यंत्रणा आणि सफाई यांचा देखभाल खर्च दरमहा येतो. जुन्या पागडीच्या दुकानाला नाममात्र भाडे देणाऱ्या घड्याळजीला हा खर्च पेलणार आहे का, हे गाळ्याची चावी मिळाल्यावर नव्हे, सही करण्याआधी मोजायला हवे.

आता कोणी म्हणेल, एकाच छताखाली सगळे असणे ही गरिबीची अडचण आहे, तिला मोठेपणा कशाला द्यायचा? पण इतिहासात अशा इमारती नीट विचार करून बांधलेल्या दिसतात. इजिप्तची राजधानी कैरो येथे अल-अझहरजवळ सुलतान अल-घौरी याने १५०४-०५ च्या सुमारास बांधलेली एक ‘विकाला’ आजही उभी आहे. विकाला म्हणजे व्यापाऱ्यांची सराई आणि वखार. मधोमध चौक, खालच्या मजल्यांवर माल आणि व्यवहार, वरच्या मजल्यांवर भाड्याने द्यायची घरे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की वरच्या घरांना जायचा रस्ता वेगळा ठेवला होता. घरातल्या बायकामुलांना व्यापाऱ्यांच्या गर्दीतून जावे लागत नसे, आणि व्यापाऱ्यालाही कोणाच्या उंबरठ्यावरून माल न्यावा लागत नसे. बाजार आणि घर एका इमारतीत होते, पण दार आणि जिना वेगळा होता.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. १८२२ साली रॅफल्स याने त्या शहराचा आराखडा करायला लावला, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांपुढे सलग छप्पर असलेली पायवाट ठेवण्याची अट घातली. ती पुढे ‘पाच फुटी वाट’ म्हणून ओळखली गेली. तिथली घरे अरुंद आणि खोल, खाली दुकान, वर कुटुंब. पायवाटेमुळे ऊन असो की पाऊस, गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोहोचते आणि चालणाऱ्याला आडोसा मिळतो. एका ओळीच्या नियमाने दुकानदार आणि पादचारी या दोघांचीही सोय झाली. आपल्या बाजारात हेच काम पत्रे आणि ताडपत्र्या करतात, आणि महापालिकेची गाडी आली की त्या उतरवाव्या लागतात.

रचना न करता सगळे एकत्र कोंबले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली. माळ्यावर झोपलेले कामगार बाहेर पडू शकले नाहीत. बारा जण गेले. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागात दाट वस्तीतल्या एका इमारतीत आग लागली. तिथे मजल्या-मजल्यांवर छोटे कारखाने होते आणि कामगार तिथेच झोपत. ४३ जणांचा जीव गेला, बहुतेकांचा धुराने गुदमरून. ही सगळी आपल्यासारख्याच घरांतली, रोजीसाठी गावाहून आलेली मुले होती. म्हणून जुनी वस्ती जशी आहे तशीच ठेवा, असे आम्ही म्हणत नाही.

पण सगळे काम एका मापाने मोजूनही चालत नाही. आम्ही कामाचे तीन वर्ग करतो. पहिला, निरुपद्रवी काम: शिवण, पिको, जरीकाम, शिकवण्या, मेहंदी, डबे, हिशेब, संगणकावरचे काम. हे घरात किंवा घराशेजारी खुशाल चालावे. दुसरा, आवाजाचे आणि वर्दळीचे काम: सुतारकाम, दुरुस्ती, छपाई, बेकरीची विक्री. हे खालच्या मजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, घराच्या आणि त्याच्यामध्ये जाड भिंत ठेवून चालावे. तिसरा, आग, रसायन, धूर आणि बारीक धुळीचे काम: भट्टी, फोम, रंग, मोठे यंत्रमाग. हे झोपायच्या खोलीच्या खाली किंवा भिंतीला लागून नकोच. मालेगाव-भिवंडीत ज्यांचे घर मागाच्या भिंतीला लागून आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तिथल्या मुलांना खडखडाटात अभ्यास करायची सवय होते, पण कापसाच्या तंतूंची सवय छातीला होत नाही. असे काम वस्तीच्या कडेला, पण चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवे. ते तासाभराच्या बसप्रवासावर गेले तर अब्बांची कमाई भाड्यात जाते आणि दुपारचे जेवण डब्यात.

आता नव्या इमारतींकडे वळू. एकत्र रचना करायची ठरवली तरी जागा चुकली की फसते. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात ल कॉर्बुझिए याने बांधलेली मोठी इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. ३३७ घरे, गच्चीवर लहान मुलांची शाळा, आणि मधल्या म्हणजे सातव्या-आठव्या मजल्यावर चक्क एक बाजाररस्ता! कल्पना सुंदर होती. पण रस्त्यावरून जाणारे गिऱ्हाईक लिफ्टने सातव्या मजल्यावर कशाला जाईल? फक्त इमारतीतल्या रहिवाशांवर दुकाने नीट चालली नाहीत. किराणावाल्याला जे माहीत असते ते थोर वास्तुविशारदाच्या नजरेतून सुटले, की दुकान शेजाऱ्यावर सुरू होते, पण वाटसरूवर चालते.

आपल्या जवळचे मोठे उदाहरण म्हणजे मुंबईचा भेंडीबाजार. २००९ साली दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० च्या आसपास कुटुंबे आणि १,२५० च्या आसपास दुकाने असा हा पसारा. घाई का हवी होती, हे ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कळले. त्या दिवशी याच भागातली शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण मरण पावले. आता पहिले मनोरे उभे राहून कुटुंबे त्यांत राहायला गेली आहेत. प्रत्येक कुटुंबाला किमान ३५० चौरस फुटांचे घर आणि घरात स्वतःचे शौचालय. गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासासमोर रांगेत उभी राहिलेली बाईच सांगू शकेल की ही केवढी गोष्ट आहे. दुकानांना खाली, रस्त्यालगत जागा ठेवली आहे. एकेक इमारत सुटी सुटी न पाडता सगळ्या मोहल्ल्याचा एकत्र विचार केला, म्हणून दुकानांची ओळ आणि रस्ता यांचाही आराखडा करता आला. हा या योजनेतून घेण्यासारखा धडा आहे.

तरीही खालाचा प्रश्न उरतोच. दुकानदाराकडे दुकानाचा कागद असतो, म्हणून त्याला गाळा मिळतो. घरात शिवणाऱ्या बाईच्या कामाचा कागद कुठेच नसतो. सरकारच्या लेखी ती ‘गृहिणी’, बिल्डरच्या लेखी ‘निवासी’. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनात आता ३०० चौरस फुटांचे घर मिळते. त्यात पलंग, कपाट, ओटा मांडल्यावर जरदोजीचा अड्डा कुठे पसरणार? त्या लांब चौकटीभोवती दोन-चार जणी बसतात, आणि त्यांना दिवसाचा उजेड लागतो. जुन्या चाळीत हे काम गॅलरीत किंवा पायरीवर होत असे. नव्या मनोऱ्यात गॅलरी नाही, आणि मधला बोळ अंधारा. विसाव्या मजल्यावर कपड्याचे गठ्ठे नेताना पहारेकरी हटकतो. गिऱ्हाईक बाई खालूनच परत जाते. घर पक्के होते आणि कमाई बंद पडते.

या बायांची दखल कोणीच घेतली नाही असे नाही. अहमदाबादच्या इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना सुरू केली. तिच्या सभासदांत विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, घरी बसून काम करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने होत्या. गरीब बाईचे घर हाच तिचा कारखाना आणि तीच तिची वखार, हे ओळखून ‘सेवा’ने १९९४ मध्ये घरांच्या कामासाठी वेगळा महिला हाऊसिंग ट्रस्ट काढला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे कायद्याचा आधार येईपर्यंत आपल्या इमारतीच्या नकाशात ही जागा आपल्यालाच मागून घ्यावी लागणार.

ती कशी मागायची? वाचक भगिनी-बंधूंनो, सहीआधीच्या बैठकीत हे प्रश्न विचारा, आणि उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्या.

एक, दुकानांचे तोंड कोणत्या रस्त्याकडे आहे? तो रस्ता लोकांच्या येण्याजाण्याचा आहे की गाड्या उभ्या करायचा? पोडियमच्या मागे किंवा वरच्या मजल्यावर गाळा देत असतील तर मार्सेय आठवा.

दोन, घरांचा जिना आणि लिफ्ट दुकानांपासून वेगळी आहे का? आग लागली तर खालच्या गाळ्यांचा धूर जिन्यात शिरणार नाही, अशी भिंत आणि दार आहे का? बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे?

तीन, माल नेण्यासाठी वेगळी लिफ्ट आहे का? नसेल तर कोणत्या वेळेत माल नेता येईल, हे सोसायटीच्या नियमांत आधीच लिहून घ्या.

चार, काही मजले सोडून एक सामायिक कामाची खोली देता येईल का? उजेड, हवा, पुरेसा वीजभार आणि कुलपाचे कपाट एवढे पुरे. सकाळी तिथे शिवण, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. ही खोली कार्यालय म्हणून नंतर भाड्याने दिली जाणार नाही, हेही लिहून घ्या.

पाच, घरातले निरुपद्रवी काम चालू ठेवायला सोसायटीची हरकत नसेल, असे कलम घालता येईल का? विजेचा मीटर कोणत्या दराचा लागेल?

सहा, देखभाल खर्च दरमहा किती, घराला किती आणि गाळ्याला किती? पहिली काही वर्षे तो कोण भरणार?

सात, बांधकामाच्या काळात दुकान कुठे चालणार? संक्रमण शिबिर दोन स्टेशने लांब असेल तर घर हलते, पण गिऱ्हाईक हलत नाही. तीन-चार वर्षे बंद राहिलेल्या दुकानाला परत आल्यावर नव्याने सुरुवात करावी लागते. भाड्याच्या रकमेत या तोट्याचा हिशेब धरला आहे का?

हे प्रश्न विचारायला आर्किटेक्ट असावे लागत नाही. पण हाती काहीतरी हवे, म्हणून एक काम सुचवतो. इमारतीतल्या नववी-दहावीच्या दोन-तीन मुलामुलींना वही द्या आणि घरोघर पाठवा. कोणत्या खोलीत कोण कोणते काम करते, किती वाजता, किती जागा लागते, माल कसा येतो-जातो, गिऱ्हाईक वर येते की खाली, एवढेच लिहायचे. बाप्यांनी सांगितलेले पुरेसे धरू नका. दुपारी, घरात बाया असतील तेव्हा, मुलींनाच विचारायला पाठवा, म्हणजे ज्या कामाला घरातले लोकही काम म्हणत नाहीत तेही वहीत येईल. एका रविवारचे काम आहे.

ती वही बैठकीत ठेवा. ‘तळमजल्यावर नऊ दुकाने’ एवढेच ज्या नकाशात होते, तिथे वर चौदा शिलाई मशिनी, तीन अड्डे, दोन डबेवाल्या आणि एक शिकवणीचा वर्ग आहे, असे काही दिसू लागेल. ज्याची नोंद आहे त्याचीच जागा मागता येते. मग आर्किटेक्टने कितीही नम्रपणे ‘हा राहण्याचा फ्लॅट आहे’ असे सांगितले, तरी त्याच्यासमोर एकटी खाला नसेल, सगळ्या इमारतीचा हिशेब असेल.